मावशीला आणायला गेलेली जीप

आमच्या वाडीतली माणसं मुंबईला एसटीनं जातात, नाहीतर रेल्वेनं. जीप घेऊन कुणी जात नाही. मी नेली, कारण मला शालूमावशीला आणायचं होतं, आणि लांज्याच्या पुढे डांबर संपल्यावर वरच्या वाडीचा शेवटचा चढ चढेल असं दुसरं वाहन आमच्याकडे नाही.

शालूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. परळच्या एका इस्पितळात तिनं उभा जन्म नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आता गिरगावातल्या चाळीत एकटी राहते. गुडघे गेलेत. जिना उतरते तो एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून. तिचा थोरला भाऊ, माझा अण्णामामा, वरच्या वाडीत अंथरुणाला खिळलेला. आई गेल्यानंतर भावंडांत हे दोघंच उरले. तो खाली येऊ शकत नाही, ती वर जाऊ शकत नाही, अशी काही वर्षं गेली. मोबाइलवर बोलतात; पण मामाला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे मावशीला बहुतेक वेळ घराची कौलंच दिसतात.

या वर्षी मामानं मला जवळ बोलावून सांगितलं, "शिमग्याला देवाची पालखी घरात येईल तेव्हा शालू इथं असू दे. पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही."

जीप आमच्या रोपवाटिकेची. जुनी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी. आंब्याकाजूची कलमं सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, नेण्यापलीकडे तिनं जग पाहिलेलं नव्हतं. नवरा म्हणाला, "हळू जा, आणि काट्यावर नजर ठेव." काटा म्हणजे इंजिनाचं तापमान दाखवणारा. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं.

गिरगाव

हायवेचं काही सांगत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. वाटेत एका लांब चढावर काटा लाल पट्टीच्या दिशेनं सरकला. थांबले, गाडी निवू दिली, पाणी घातलं, पुढे निघाले. शीवला पोचले तेव्हा ऑफिसं सुटलेली. तिथून गिरगावपर्यंत एकेक गाडी मुंगीसारखी. माझा घामानं नुसता लगदा झाला, पण जीप शांत होती. काटा मधोमध. मला वाटलं, मानवली हिला मुंबई.

चाळीच्या फाटकातून जीप आत घेताना सगळे मजले गॅलरीत आले. आमच्याकडे पाहुणा आला की ज्याचा त्याला; बाकीचे दुसऱ्या दिवशी चौकशी करतात. इथं तसं नाही. खाली पांढऱ्या लेंग्यातले एक उंच, काटकुळे गृहस्थ दोन्ही हातांनी मला मागे घेत होते. "येऊ द्या, येऊ द्या, भरपूर आहे, येऊ द्या," असं म्हणत त्यांनी जीप पंपाच्या खोलीच्या दारावर नेऊन आदळवली. मग शांतपणे म्हणाले, "आता बास."

हे कर्णिककाका. मावशीचे शेजारी. विमा कंपनीतून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. संध्याकाळचा चहा ते मावशीकडे घेतात, आणि वर्तमानपत्र तिला वाचून दाखवतात, तिचे डोळे उत्तम असूनही.

मावशीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी ओले काजूगर नेले होते, तिनं बोंबील तळले होते. कुरकुरीत, तोंडात घातले की नाहीसे होणारे. लांज्याला येईपर्यंत त्या माशाचं पाणी होतं, म्हणून आम्हाला ही चव ठाऊकच नाही. मी किती खाल्ले ते सांगत नाही. मावशी जेवत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"रस्ता आता कुठपर्यंत आहे गं?"

"शाळेपर्यंत. पुढे कच्चाच."

"आणि ती चढते?"

"रोज चढते, मावशी."

परळ

निघण्याआधी तिला तिच्या जुन्या इस्पितळात गुडघे दाखवून औषधं घ्यायची होती. जाताना लालबागच्या पुलाखालून, गर्दीतून रांगत गेलो. काही झालं नाही. दुपारी परतताना मी पुलावर चढले. रस्ता मोकळा, गिअर चौथा. मला बरं वाटत होतं. मावशी तिच्या जुन्या वॉर्डातल्या कुणाबद्दल सांगत होती आणि मधेच म्हणाली, "निले, हा धूर आपला का?"

काटा लाल पट्टीच्या पार गेला होता. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. जीप कडेला घेतली, बंद केली. मागून हॉर्न सुरू झाले. मी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तशी मावशी आतून म्हणाली, "हात मागे घे."

"पाणी घालायला हवं ना."

"वाफेनं भाजलेल्या माणसांची ड्रेसिंगं मी केलीयेत. हात मागे घे. ती निवेपर्यंत आपण बसू."

बसलो. तिथं पूल एका इमारतीला अगदी खेटून जातो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई गव्हाच्या कुरडया वाळत घालत होती. ती घरातूनच बोलली, "गरम झाली?"

"हो."

"खाली उतरलात की दुसरी गल्ली. नंदू परबचं गॅरेज. सांगा, तिसऱ्या माळ्यावरच्या घाडीवहिनींनी पाठवलं."

आमच्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस दिसायला अर्धा तास जातो. इथं पुलावर उभ्या उभ्या एक बाई भेटली, स्वयंपाकघरातून.

लालबाग

नंदू परबचं गॅरेज म्हणजे एका गाडीपुरता गाळा, आणि दुसरी गाडी रस्त्यावर. पलीकडची गल्ली मसाल्याची. मार्चचे दिवस, घरोघरच्या बायका मिरच्या कुटून घ्यायला आलेल्या, त्यामुळे हवेतच तिखट. नंदू पन्नाशीचा, जाडजूड, मिशीवाला. शिंकत शिंकत बाहेर आला आणि गाडीकडे न बघता आधी मावशीला विचारलं, "गाव खंयचा?"

"लांज्याच्या वर."

"म्हणजे आमच्या वाटेवरच. बसा मावशी." खुर्ची आली, चहा आला, मग बॉनेट उघडलं.

तिथं जमलेल्या प्रत्येकाचं एकच मत होतं. जुनी डिझेल गाडी, मुंबईचं ट्रॅफिक, तापणारच. नंदूनं रेडिएटरवर पाण्याचा फवारा मारला. त्याच्या जाळीतून आमच्या सड्याची लाल माती निघाली, वाळलेलं गवत निघालं, एक अख्खा फुलपाखराचा पंख निघाला. लालबागच्या गटारातून तांबडं पाणी वाहत गेलं. मला उगाच संकोच वाटला, घरातला केर चारचौघांत काढल्यासारखा.

मग त्यानं थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट करून देणारी ती लहानशी झडप. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडली. ती हळूहळू उघडली. "ही तर चांगली आहे," नंदू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात निराशा होती. पंख्याचा पट्टा तपासला, घट्ट होता. सगळं परत बसवलं, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले.

शेजारच्या गॅरेजचा माणूस मान आत घालून बघत होता. तो म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. उघडायला लागेल."

याचा अर्थ मला ठाऊक होता. इंजिनाचा वरचा भाग खोलायचा, रे रोडच्या वर्कशॉपला पाठवून सपाट करून आणायचा, मग पुन्हा जोडायचा. तोवर पालखी मामाच्या घरून पुढच्या वाडीला गेलेली असणार.

नंदूनं ऑइल तपासलं, बोटांवर चोळून बघितलं. "ऑइल साफ आहे. पाणी मिसळलेलं नाही. मला नाही वाटत." पण तो खात्रीनं बोलत नव्हता. "हेड उघडणं सोपं असतं ताई, खरा दोष सापडायला हवा. गाडी आज ठेवा, उद्या बघू."

"ठेवत नाही," मावशी म्हणाली. "गर्दीतनं हळू नेऊ. घरासमोर दिसली की मला झोप लागेल."

वाटेत मी तिला म्हटलं, "रेल्वेनं जाऊ मावशी. खालून वाडीपर्यंत चार जण खुर्चीतनं उचलून नेतील. मामासाठी पोरं आनंदानं येतील."

तिनं बाहेर बघत उत्तर दिलं. "त्या वाटेनं चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाईन. आणि तेव्हा मला कुणी विचारणार नाही."

पुढे मी तो विषय काढला नाही. संध्याकाळी मामाचा फोन आला. पडद्यावर कौलं. "निघालात?" मावशी म्हणाली, "उद्या." कर्णिककाका कपबशी हातात धरून बसले होते. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही.

दादर, आणि पुढे

सकाळी दार वाजलं. कर्णिककाका बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन उभे.

"मी विचार करत होतो," ते म्हणाले. "सगळे सांगतायत काय बिघडलंय. पण ती तापते कधी, हे कुणी विचारलं का?"

"नेहमीच तापते."

"नाही. तुम्ही शीवहून इथवर रखडत आलात तेव्हा?"

मी आठवून बघितलं. "नव्हती तापली."

"काल परळला जाताना?"

"नाही."

"मग चला. मला कुठेतरी भरपूर गर्दी दाखवा, आणि मग भरपूर मोकळा रस्ता."

गर्दीसाठी दादरच्या फुलबाजाराइतकी चांगली जागा नाही. सकाळची वेळ, झेंडूच्या गोण्या डोक्यावर घेतलेली माणसं, मधेच टेम्पो, हातगाड्या, ओल्या पानांचा चिखल. दहा पावलं जायचं, थांबायचं. काका शेजारच्या सीटवर पुढे वाकून काट्याकडे बघत होते, नाडी बघावी तसे. काटा हलला नाही. एका शेवंतीवालीनं आमच्या बॉनेटवर टोपली टेकवून गिऱ्हाइकाला फुलं मोजून दिली, तरी हलला नाही. काका इतके खूश झाले की म्हणाले, आता पियूष प्यायलाच हवं. आम्ही साबुदाणावडाही खाल्ला. मुंबईचा साबुदाणावडा आमच्यापेक्षा मोठा आणि चटणी गोड. वडा मला आवडला, चटणी नाही.

तिथून वरळीच्या समुद्राकडे वळलो. रस्ता मोकळा मिळाला, मी वेग घेतला. काटा निघाला. सरळ, थांबायचं नाव न घेता. "हळू करा," काका म्हणाले. हळू केलं, तो खाली आला. पुन्हा वेग, पुन्हा वर. आम्ही तीन वेळा तसं केलं. मग समुद्रासमोर गाडी उभी केली.

"म्हणजे गर्दीचा दोष नाही," मी म्हटलं. "गर्दीत पंखा एकटा काम करतो, तो नीट आहे. इंजिन जोरात फिरलं की पाणी पुरत नाही."

"मला इंजिनातलं काही कळत नाही," काका म्हणाले. "विम्याचा दावा आला की आम्ही आधी विचारायचो, केव्हा घडलं. बाकीचं आपोआप उलगडतं."

काकांनी बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. भरती होती, कठड्यावर शिंतोडे येत होते.

"शालूताई परत येणार ना?"

मी म्हटलं, "मामावर आहे काका. मला खरंच ठाऊक नाही."

"बरोबर आहे. जायलाच हवं त्यांनी." मग घाईघाईनं म्हणाले, "चला, परबांना सांगू."

पुन्हा लालबाग

मावशी आधीच टॅक्सी करून गॅरेजवर येऊन बसली होती. घरी बसवेना, म्हणाली. मधल्या वेळात पलीकडच्या गल्लीत जाऊन तिनं मामासाठी मसाला कुटून घेतला होता, आणि डोळे लालभडक करून परत आली होती.

मी नंदूला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तशी त्याची मिशी हलायला लागली. तो गाडीपुढे उकिडवा बसला. "ताई, चालू करा. असंच गरम राहू द्या. आता रेस द्या. अजून. सोडू नका."

इंजिन ओरडायला लागलं. नंदूनं मला सोडून सगळ्यांना खाली वाकून बघायला बोलावलं. मग काकांना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला लावून मला बोलावलं. काकांनी आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं. चेहऱ्यावर विमानचालकाचा भाव.

रेडिएटरमध्ये गार झालेलं पाणी एका जाड रबरी पाइपातून इंजिनाकडे परत जातं, पंप ते ओढून घेतो. तो खालचा पाइप माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला होता. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. "काका, सोडा." पाय निघाला, आवाज उतरला, आणि पाइप पुन्हा फुगून गोल झाला, जसं काही झालंच नाही.

"उभ्या गाडीत कितीही बघा, चांगलाच दिसणार," नंदू म्हणाला. "पंपानं जोरात ओढलं की बसतोय."

मावशी खुर्चीतून वाकून बघत होती. "सिरिंज जोरात ओढली की शीर अशीच बसते. रक्त येतच नाही. नवीन मुलींना आधी तेच शिकवावं लागायचं. हळू ओढ."

"मग तुमच्या शिरेत स्प्रिंग घालता येत नाही मावशी," नंदू म्हणाला. "ह्याच्यात घालतात. आतून आधार असतो. हा बघा, रिकामा आहे."

गेल्या वर्षी आमच्याकडे तो पाइप बदलला होता. जुन्यातली स्प्रिंग नव्यात घालायची राहून गेली असणार. आणि ते बुडबुडे? नंदूनं झाकण उघडं ठेवून, इंजिन संथ चालवत, पुन्हा पाणी भरलं. थोडा वेळ आले, मग थांबले. काल भरताना आत राहिलेली हवा होती ती. शेजारच्या गॅरेजचा माणूस येऊन बघून गेला. "चला, हेड वाचलं," म्हणाला, आणि त्यालाही बरं वाटलेलं दिसलं.

स्प्रिंगचा पाइप ऑपेरा हाउसच्या बाजूला पार्टच्या दुकानात मिळाला, मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माप दाखवायला मी जुना पाइप पिशवीत घालून नेला होता. दुपारी तो बसला. मग आम्ही चौघं, नंदू मागे, पुलावर चढलो. चौथा गिअर. घाडीवहिनी खिडकीत होत्या, त्यांनी हात केला, पण थांबता आलं नाही. पूल संपला. काटा मधोमध होता.

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. "मसाला गेलाय," म्हणाली.

वरची वाडी

पहाटे निघालो. कर्णिककाका खाली आले होते. या वेळी त्यांनी मला गाडी काढायला मदत केली नाही, नुसते फाटक धरून उभे राहिले. मावशी म्हणाली, "झाडांना पाणी घाला." ते म्हणाले, "घालीन." एवढंच. पुढची गोष्ट आताच सांगून टाकते: आंबे संपल्यावर, पावसाच्या आधी, मावशी गिरगावात परतली, आणि तिला न्यायला काका स्वतः लांज्यापर्यंत आले होते.

शाळेपाशी डांबर संपलं तेव्हा ऊन कलत होतं. मी चारही चाकं जोडली, लहान गिअर टाकला. वरच्या वाडीचा चढ म्हणजे कातळात कोरल्यासारखी अरुंद वाट, एका बाजूला पऱ्याची खोल घळ, इंजिनाला पूर्ण ताकद लावून पावलापावलानं चढायचं. मावशीनं पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती रस्त्याकडे बघत नव्हती, काट्याकडे बघत होती. मधल्या वळणावर एकदा मागचं चाक घसरलं, दगड उडाले. पलीकडच्या वाडीतून ढोल ऐकू येत होता. पालखी तिथं होती, सकाळी आमच्याकडे यायची होती.

अंगणात जीप थांबली. मावशीला उतरवायला पोरं पुढे आली, तिनं त्यांना बाजूला केलं. माझा खांदा धरून ती स्वतः उतरली, पायरीवर दोन्ही पाय टेकवत पडवीत चढली, आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

मामा खाटेवर पडल्या पडल्या दाराकडे बघत होता. मामी म्हणाली, "अहो, शालूताई आल्या." त्यानं मान हलवली. मग त्यानं कोपर टेकलं. मामी धरायला धावली, कारण त्याला कूस बदलायचीही झाली तर दोघं लागतात. त्यानं तिचा हात दूर केला. दात दाबून, घामाघूम होत, तो इंचाइंचानं भिंतीकडे सरकला, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर त्यानं हात ठेवला.

"बस," तो म्हणाला. "गुडघे दुखत असतील."